कोऱ्या पाठीचं सर्टिफिकेट

सर्टिफिकेटं यायची त्या दिवशी तंत्रशाळेतल्या टर्नर मास्तरांच्या शॉपमध्ये, म्हणजे वर्कशॉपमध्ये, हात धुवायला बंदी असे. एरवी मास्तर स्वच्छतेच्या बाबतीत महाकडक. लेथवर लोखंडाचा कीस साचलेला दिसला की त्या पोराची सगळ्यांदेखत बिनपाण्याने हजामत व्हायची. पण त्या एका दिवशी मास्तर स्वतः नळाच्या तोटीला फडकं बांधून ठेवत. ज्याचं नाव पुकारलं जाईल त्याने मशीनवरून थेट यायचं, लेथखालच्या ट्रेमधल्या काळ्या तेलात उजवा पंजा बुडवायचा, झटकायचा, आणि टेबलावर पालथं घातलेल्या सर्टिफिकेटच्या पाठीवर तो दाबायचा. पाच बोटं, तळवा, तळव्यावरच्या रेषा, सगळं उमटायचं. मग मास्तर कागद उजेडाकडे धरून बघत आणि म्हणत, "पुढची बाजू बोर्डाची, मागची बाजू आपली. जा, आता हात धू."

ही पद्धत मास्तरांच्या मास्तरांनी पाडली होती, आणि त्यांनी ती का पाडली हे विचारायची कुणाची छाती नव्हती. पण गावातल्या कारखानदारांना तिचा उपयोग बरोबर कळला होता. नोकरी मागायला आलेल्या पोराने सर्टिफिकेट पुढे केलं की ते आधी पालथं करून बघत. पंजा असेल तर पोरगं मशीनवर उभं राहिलेलं आहे. नसेल तर म्हणत, "हा कोऱ्या पाठीचा दिसतोय," आणि त्याला चहासुद्धा न विचारता वाटेला लावत. बोर्डाच्या सहीला जे वजन नव्हतं ते त्या तेलाच्या डागाला होतं.

मास्तरांचा दुसरा नियम होता तो 'जरा' या शब्दाबद्दल. "मास्तर, जरा जास्त कापलं गेलं," असं कोणी म्हटलं की मास्तर कमरेवर हात ठेवून उभे राहत. "जरा म्हणजे किती? जरा हे माप भाजी घेताना चालतं. इथे पट्टी आहे, कॅलिपर आहे. मोजून ये, मग तोंड उघड." पोरं घरीसुद्धा आईला 'जरा पाणी दे' म्हणताना चपापायची, अशी शॉपमध्ये थट्टा चाले.

तर अशा या मास्तरांच्या निवृत्तीच्या वर्षीच कागदी सर्टिफिकेटं बंद झाली. प्राचार्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावून सांगितलं, की यापुढे सर्टिफिकेट थेट पोरांच्या फोनवर येईल, आणि जुन्या विद्यार्थ्यांनी आपले कागद आणून दिले तर त्यांचीही इलेक्ट्रॉनिक सर्टिफिकेटं करून मिळतील. सरकारी संस्थेत नोकरीचा अर्ज करायचा तर आता दुसरं काही चालणार नाही. वेल्डिंगचे मास्तर कुरकुरले. आपले मास्तर कुरकुरले नाहीत. ते काही जुन्याला कवटाळून बसणारे नव्हते. वाळवीने खाल्लेले, बसमध्ये विसरलेले, भाऊबंदकीत फाडलेले कागद घेऊन दुसऱ्या प्रतीसाठी बोर्डाच्या पायऱ्या झिजवणारी पोरं त्यांनी पाहिली होती. "बरं झालं," ते म्हणाले, "कटकट गेली."

त्यांच्या डोक्यात वेगळीच काळजी होती. आपल्यानंतर या शॉपमध्ये कोण? त्या जागेसाठी त्यांच्या मनात एकच माणूस होता, आणि त्या माणसाच्या उजव्या हाताला तीन बोटं नव्हती.

शिकत असताना सगळे त्याला मायक्रो म्हणत. लोखंडाच्या दांड्यावरून बोट फिरवून तो सांगायचा, इथे केसभर जास्त आहे, आणि मोजलं की तेवढंच निघायचं. मास्तर त्याला तोंडावर कधी चांगलं म्हणाले नाहीत, पण घरी बायकोला सांगत, "असं बोट मी आजवर बघितलं नाही." पास होऊन मायक्रो एका कारखान्यात लागला. तिथे काम भराभर उरकावं म्हणून मालकाने प्रेसची हात वाचवणारी जाळी काढून ठेवली होती. एका दुपारी प्रेस खाली आला आणि मधली तिन्ही बोटं गेली. उरला अंगठा आणि करंगळी. त्याचं लग्न तेव्हा नुकतंच झालं होतं. मुलगी झाली ती त्यानंतर. आता तो एका गोदामाच्या फाटकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या ट्रकचे नंबर टिपत होता, तेही डाव्या हाताने.

"तिथे बसून काय ट्रकांची हजेरी घेतोस?" मास्तरांनी त्याला बोलावून विचारलं. "माझ्या जागेसाठी अर्ज कर."

"माझा हात बघितलात ना मास्तर?"

"शिकवायला हात लागत नाही रे. डोळे लागतात आणि तोंड लागतं. डोळे तुझ्याकडे आहेत. तोंड कसं चालवायचं ते मी शिकवतो."

मायक्रो हसला. तो हसला की उजवा हात आपोआप खिशात जायचा.

दोन दिवसांनी तो सर्टिफिकेट घेऊन आला. सोबत मुलगी होती. तिला सगळे ठकी म्हणत. आठेक वर्षांची असेल, बापासारखेच बारीक डोळे, आणि प्रश्न विचारायला भीड म्हणून नाही. मायक्रोने पिशवीतून फाईल काढली, फाईलमधून प्लास्टिकचं पाकीट काढलं, पाकिटातून कागद काढला आणि तो दोन्ही हातांनी टेबलावर ठेवला.

"परत मिळेल ना?" ठकीने विचारलं.

"मिळेल की. मशीन फोटो काढतं आणि परत देतं."

"नीट ठेवा हं, मास्तरआजोबा. बाबांचा हात आहे त्याच्यावर."

तिने कागद उलटा केला. पाठीवर तो पंजा होता, काळ्याचा आता तपकिरी झालेला, पण बोटन्‌बोट शाबूत. ठकीने त्यावर आपला पंजा ठेवला. तळव्याला तळवा, बोटावर बोट.

"बघा, माझं मधलं बोट आता इथपर्यंत येतं. मागच्या वाढदिवसाला इथपर्यंतच यायचं. पूर्ण पुरलं की मी मोठी झाले."

"वाढदिवसाला मोजायचं ठरलंय आमचं," मायक्रो ओशाळून म्हणाला. "हल्ली मधूनमधूनही काढून बघते. कपाटाची किल्ली लपवावी लागते."

"मोठी हो, मोठी हो," मास्तर म्हणाले. "बापाच्याही पुढे जाशील." आणि त्यांनी कागद ड्रॉवरमध्ये सरकवला. पोरीचं बोलणं त्यांनी हसण्यावारी नेलं. वाईट मनाने नव्हे. त्यांच्या डोळ्यांसमोर तेव्हा फक्त ती खुर्ची होती आणि तिच्यावर बसलेला मायक्रो.

संस्थेची कॉम्प्युटरची खोली जिन्याखाली होती. तिथे बसणाऱ्या बाईंना सगळे कॉम्प्युटर मॅडम म्हणत. कामाला वाघ, आणि स्वभावाने मऊ. दिवसभर त्या जुने कागद मशीनमध्ये घालायच्या, मशीन ते वाचायचं, आणि पडद्यावर हिरवी खूण आली की झालं. मास्तरांनी मायक्रोचा कागद आणून दिला तेव्हा त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं तुम्ही याल."

"का बरं?"

"तुमच्या शॉपचं एकही सर्टिफिकेट मशीन घेत नाही हो. वेल्डिंगवाल्यांचे कोपरे जळालेले असतात, तरी चालतं. पण तुमचं हे तेल इतक्या वर्षांत कागदातून पुढे आलंय. बघा ना."

मास्तरांनी पाहिलं. खरंच, पुढच्या बाजूला छापलेल्या अक्षरांमागून पाच बोटांची सावली वर आली होती. एक बोट नावावर, एक वर्षावर, तळवा नेमका नंबरावर. मॅडमनी कागद आत घातला. लाल अक्षरं आली, कागद अस्वच्छ आहे. फिरवून घातला. पुन्हा लाल. उजेड वाढवून पाहिला, कमी करून पाहिला. मशीन काही बधेना.

"बाकीच्यांना मी बोर्डाकडून दुसरी प्रत मागवायला सांगते," मॅडम म्हणाल्या. "पण त्यात महिने जातात."

"याचा अर्ज या शुक्रवारी बंद होतोय."

"अरे देवा." मॅडमनी डोक्याला हात लावला. "कागद स्वच्छ असता ना, तर आत्ता चुटकीसरशी झालं असतं. थांबा, उद्या सकाळी मुख्य कार्यालयात फोन लावून बघते. कधीकधी ते लोक हाताने चढवून घेतात. नक्की सांगत नाही, पण बघू."

मास्तरांनी कागद परत घेतला. मॅडमच्या बोलण्यातलं 'उद्या' आणि 'बघू' त्यांच्या कानाशी आलं आणि तिथूनच परत गेलं. आत शिरलं ते एकच, कागद स्वच्छ असता तर. आता तेल काढणं म्हणजे मास्तरांच्या हातचा मळ. सबंध आयुष्य त्यांनी दुसरं केलं काय होतं?

घरी येऊन त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. बायको इस्त्री करत होती.

"अगं, इस्त्री मला दे."

"मुळीच नाही. मागे दिली होती तर तेलाने माखून आली. दोन उशांचे अभ्रे वाया गेले माझे."

"कामाचं आहे. मायक्रोच्या नोकरीचं."

मायक्रोचं नाव काढलं की बायको विरघळायची. अपघातानंतर हॉस्पिटलमध्ये त्याच्यासाठी डबा तीच नेत होती. तिने इस्त्री दिली आणि जवळ खुर्ची ओढून बसली. मास्तरांनी टेबलावर टीपकागद अंथरले, कापूस काढला, खडू कुटून त्याची पूड केली, आणि शॉपमधून आणलेली पांढऱ्या पेट्रोलची बाटली उघडली. खिडक्या सताड उघड्या टाकल्या. पेट्रोलने सहीची शाई फुटत नाही, पाण्याने फुटते, हे त्यांना ठाऊक होतं. शिक्क्याच्या जवळ मात्र सांभाळायला हवं. कागद पालथा केला आणि तो पंजा दिव्याखाली आला.

"हे काय, हा तर त्याचा हात आहे," बायको म्हणाली.

"हो. तोच नडतोय."

"पुसणार तुम्ही?"

"मग काय करू?"

तिने खुर्ची पुढे सरकवली. मग म्हणाली, "विचारलंत का त्याला?"

"त्यात विचारायचं काय? विचारलं तर तो नको म्हणेल. तुला माहीत नाही का तो किती भिडस्त आहे? म्हणेल, राहू द्या मास्तर, माझ्या नशिबात नाही. आणि परत जाऊन बसेल फाटकावर."

"तरी विचारा. फोन काय लांब आहे? हा बघा इथे आहे."

"अगं, शुक्रवार तोंडावर आलाय. भावनेने पोट भरतं का कुणाचं?"

बायकोने फोन टेबलावर त्यांच्या हाताशी आणून ठेवला आणि उठून आत गेली. फोन तिथेच राहिला.

मास्तरांनी कापसाचा बोळा भिजवला, आणि मग, का कोण जाणे, तो खाली ठेवून आपला उजवा हात त्या पंजावर ठेवला. मायक्रोचा पंजा त्यांच्यापेक्षा मोठा होता. मधलं बोट त्यांच्या बोटाच्या वर निघालं होतं. तेच बोट, जे दांड्यावरून फिरायचं आणि केसभर फरक सांगायचं. पोरीचं बोलणं त्यांना आठवलं. नाही असं नाही. आठवलं, आणि त्यांनी ते बाजूला सारलं. उद्या बाप पगारदार मास्तर झाला की पोरीला कागदावरचा हात कशाला हवाय? माणूस आपल्या मनाला कशीही समजूत घालतो, आणि मास्तरांना तर समजूत घालायची आयुष्यभराची सवय.

त्यांनी करंगळीपासून सुरुवात केली. काम फार सुंदर केलं, हे म्हणायलाच हवं. पेट्रोलने डाग सैल करायचा, टीपकागदाने शोषून घ्यायचा, खडूची पूड पसरायची, वरून कोमट इस्त्री ठेवायची, पूड झटकायची, पुन्हा पहिल्यापासून. घासायचं नाही. तेल टीपकागदावर येत गेलं, आधी तपकिरी, मग पिवळसर, मग नुसतं ओलं. एकेक बोट जात होतं. तळव्यावरच्या रेषा सगळ्यांत चिवट निघाल्या, त्यांनी बराच वेळ घेतला. शेवटी मास्तरांनी कागद उजेडाकडे धरला, जसा ते प्रत्येक सर्टिफिकेट धरत. कागद इथून तिथून सारखा होता. त्यांनी टीपकागद गोळा केले, पेट्रोलचे म्हणून अंगणात नेऊन जाळले आणि साबणाने हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम अजून पर्स ठेवत होत्या, तोच मास्तर दारात हजर.

"अहो, मी आत्ता फोन लावणारच होते," त्या म्हणाल्या.

"फोन राहू द्या. हे घाला."

कागद आत गेला. पडद्यावर हिरवी खूण आली. मॅडमनी टाळी वाजवली आणि मास्तरांनी जिन्याखालच्या सगळ्यांना चहा पाजला. शुक्रवारच्या आत अर्ज गेला, पुढे मुलाखत झाली. मुलाखतीला बसलेल्यांपैकी एकाने हाताबद्दल विचारलं, तेव्हा मायक्रोने टेबलावरचा पेपरवेट डाव्या हाताने उचलला आणि तो कसा घडवला असेल ते पहिल्या कापापासून शेवटच्या घासणीपर्यंत सांगितलं. सगळे ऐकत राहिले. नेमणुकीचा निरोप आला तो फोनवरच. मायक्रोने मास्तरांना फोन केला, पण त्याला बोलता येईना. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मास्तरांचेही डोळे भरून आले. "ठेव आता फोन," ते खोटं खोटं ओरडले, "बिल येईल."

बायकोने विचारलं, "कागद दिलात का त्याचा परत?"

"देतो ना. जातोय का कुठे?"

पण ते देत नव्हते. कागद ड्रॉवरमध्ये होता, मायक्रो काम समजून घ्यायला रोज शॉपमध्ये येत होता, आणि मास्तर रोज म्हणत होते, उद्या देऊ. मायक्रोही मागत नव्हता. भिडस्तच तो. ड्रॉवर उघडला की मास्तर दुसरंच काहीतरी काढून तो बंद करायचे.

मास्तरांचा शेवटचा दिवस आणि त्या वर्षीच्या पोरांची सर्टिफिकेटं एकाच दिवशी आली. सवयीने त्यांनी सकाळी नळाला फडकं बांधलं होतं. दुपारी शॉपमध्ये इकडे टिंग, तिकडे टिंग सुरू झालं. पोरांनी मशीनं थांबवली, तेलकट हात पँटला पुसले, आणि फोन काढून बघायला लागली. एकाने नळाकडे जाऊन फडकं सोडलं आणि हात धुतले, कारण तेलाच्या बोटाने फोन उघडेना. कुणाचं काही चुकलं नव्हतं. पोरं खूश होती, एकमेकांना टाळ्या देत होती. मास्तर टेबलापाशी उभे होते आणि त्यांना आज कुणाचं नाव पुकारायचं नव्हतं.

तेवढ्यात ठकी आली. बाप मास्तर होणार म्हणून नवा फ्रॉक घालून आली होती. "मास्तरआजोबा, बाबांचं सर्टिफिकेट द्या ना. परवा माझा वाढदिवस आहे."

आता उद्यावर ढकलायला उद्याच उरला नव्हता. मास्तरांनी ड्रॉवर उघडला. मायक्रोही जवळ आला. मास्तरांनी कागद दिला, सरळ बाजू वर करून. ठकीने तो लगेच उलटा केला. मग सरळ केला. परत उलटा केला.

"हे आपलं नाही," ती म्हणाली.

"आपलंच आहे गं. नाव बघ बाबाचं."

"मग हात कुठाय?"

मास्तरांनी सांगितलं. मशीन घेत नव्हतं, शुक्रवार जवळ आला होता, तेल काढावं लागलं. सांगताना त्यांच्या लक्षात आलं, की हे सगळं खरं आहे आणि तरी ते सबब सांगितल्यासारखं वाटतंय. मायक्रोने कागद हातात घेतला, अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत. उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला.

"छान निघालाय डाग," तो म्हणाला. "मागमूस नाही. तुमच्याशिवाय कुणाला जमलं नसतं, मास्तर."

तो एक शब्द लावून बोलला असता तर बरं झालं असतं. चार शिव्या दिल्या असत्या तर मास्तरांनी त्या आनंदाने खाल्ल्या असत्या. पण तो तेवढंच बोलला, आणि लेथवर एक पोरगं अडलं होतं त्याला बघायला गेला.

मास्तर जिन्याखाली गेले. त्या वयात आणि त्या जिन्यावरून ते जवळजवळ धावले. "मॅडम, तो कागद पहिल्यांदा घातला होता तेव्हाचे फोटो? लाल आले होते ते?"

"ते नाहीत हो. मशीनने नाकारलेलं आपण ठेवत नाही. संध्याकाळी आपोआप पुसलं जातं." मॅडमनी त्यांचा चेहरा पाहिला आणि त्यांचा आवाज उतरला. "काय झालं? मी त्या दिवशी फोन लावणार होते, मास्तर. पुढच्या आठवड्यात लावला ना मी, इलेक्ट्रिशियनच्या पोरांसाठी, त्यांच्या कागदांवर चहा सांडला होता. घेतले त्यांनी हाताने चढवून. डागासकट घेतले."

मास्तर हळूहळू जिना चढून वर आले.

शॉपमध्ये मायक्रो त्या पोराला ओरडत होता, अगदी मास्तरांच्या सुरात. "जरा म्हणजे किती? मोजून सांग!" पोरं हसत होती. एखाद्या दुसऱ्या दिवशी मास्तरांना हे ऐकून धन्य वाटलं असतं. ठकी मास्तरांच्या उंच स्टुलावर बसली होती. तिने सर्टिफिकेट टेबलावर पालथं ठेवलं होतं आणि पांढऱ्या कागदाच्या मधोमध आपला हात ठेवला होता. ती रडत नव्हती. विचार करत होती.

"मास्तरआजोबा," ती म्हणाली, "पुसायच्या आधी तुम्ही हात नीट बघितला असेल ना?"

"बघितला."

"मग केवढा होता ते सांगा. मी पेन्सिलने काढते."

तिने पेन्सिल पुढे केली. मास्तरांनी ती घेतली नाही. त्यांनी आपला उजवा हात, जन्मभर लोखंड धरून राठ झालेला, त्या कोऱ्या पाठीवर ठेवला. हात अगदी स्वच्छ होता, त्यामुळे खाली काहीच उमटलं नाही.

"याच्यापेक्षा मोठा होता," ते म्हणाले. "मधलं बोट तर... जरा वर यायचं."

ठकीने त्यांच्या बोटाच्या टोकाशी पेन्सिल टेकवली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"जरा म्हणजे किती?"